हुंकार आणि वहिवाट

गेल्या श्रावणात मी मावशीच्या आवाजातल्या सात कहाण्या ध्वनिमुद्रित केल्या. वाराला एक. रविवारची आदित्यराणूबाईची, मग सोमवारची, मंगळागौरीची, अशा शनिवारपर्यंत. मावशीची अट एकच होती: समोर बसून कुणीतरी ‘हूं’ म्हणायला हवं. हुंकार देणारं कुणी नसेल तर तिची कहाणी पुढे सरकत नाही. त्यामुळे सातही मुद्रणांत मधूनमधून माझं ‘हूं’ ऐकू येतं.

आमची भावंडं नाशिकला, पुण्याला आणि एक टोरांटोला. ज्या वाराची कहाणी त्या वारी सकाळी प्रत्येकाच्या फोनवर आपसूक यावी, असं माझ्या मनात होतं. त्यासाठी मी हातानं एक फाईल लिहिली. साध्या मजकुराची, फार तर दोन पानांची. भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर ती ठेवली आणि तिचा पत्ता भावंडांना कळवला. कहाण्या पोचल्या, पण क्रम विस्कटला. शुक्रवारची आधी, सोमवारची शेवटी. अर्धी संध्याकाळ शोधल्यावर कारण सापडलं. तारखेच्या ओळीत मी ‘शुक्रवार’ आणि ‘ऑगस्ट’ असं देवनागरीत लिहिलं होतं. तिथे वाराच्या आणि महिन्याच्या इंग्रजी नावांची पहिली तीन अक्षरं रोमन लिपीतच लागतात. तेवढं बदललं आणि कहाण्या ओळीनं उभ्या राहिल्या.

मावशी शेजारी बसून हे सगळं पाहत होती. “असंच लिहायचं, हे ठरवलं कुणी?” तिनं विचारलं. मला सांगता येईना. मग तिचा दुसरा प्रश्न आला, “आणि उद्या तो म्हणाला, बंद करा हे सगळं, तर?”

या दोन प्रश्नांच्या मागे लागून मी जिथे पोचले, तिथे जे पाहिलं त्याचं मला अजून नवल वाटतं.

सूचनाफलक

मी लिहिलेल्या फाईलला फीड म्हणतात. ती लिहिण्याच्या पद्धतीचं नाव आरएसएस. आपल्याकडे ही आद्याक्षरं एका संघटनेची म्हणून ओळखीची आहेत. तिचा इथे काही संबंध नाही, म्हणून शक्य तिथे मी ‘फीड’ असंच म्हणेन.

फीड म्हणजे ग्रामपंचायतीच्या बाहेरचा सूचनाफलक. वर कार्यक्रमाचं नाव आणि त्याखाली एकेक नोंद: शीर्षक, पत्ता, दोन ओळींचं वर्णन, तारीख. पॉडकास्ट असेल तर नोंदीत आणखी एक ओळ असते. ध्वनिफीत कुठे आहे, ती किती बाइटची आहे आणि कोणत्या प्रकारची आहे, एवढंच ती सांगते. फलक कुणाच्या दारी जात नाही. तुमच्या फोनमधलं ॲप अधूनमधून त्याच्यापाशी येतं, नवी नोंद दिसली तर उचलून तुमच्यापुढे ठेवतं. नावनोंदणी नाही, मध्यस्थ नाही, दोघांपैकी कुणाला दुसऱ्याची परवानगी लागत नाही. मराठीतले बहुतेक पॉडकास्ट तुमच्या आवडीच्या ॲपमध्ये मिळतात ते अशाच एका फाईलमुळे.

हे चालतं, कारण फलक लिहिणारे आणि वाचणारे एकाच पद्धतीनं लिहितात आणि वाचतात. अशा ठरलेल्या पद्धतीला मानक म्हणतात. मानक म्हटलं की आपल्याला प्रेशर कुकरवरची आयएसआयची खूण आठवते. तिच्यामागे भारतीय मानक ब्युरो आहे, कायदा आहे, तपासणी आहे. मला वाटलं, फीडच्या मागेही असंच एखादं कार्यालय असणार. मी ते शोधायला निघाले.

नेटस्केपचं घर

जन्मस्थळ सापडलं. मार्च १९९९, नेटस्केप ही कंपनी. माय नेटस्केप नावाच्या तिच्या पानावर वाचकाला आपल्या आवडीच्या ठिकाणांच्या बातम्या एकत्र मांडून घेता याव्यात, यासाठी डॅन लिबी आणि रामनाथन गुहा यांच्या हातून पहिली आवृत्ती तयार झाली. गुहा हे आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले संगणकशास्त्रज्ञ. या आवृत्तीचा क्रमांक होता ०.९. त्याच वर्षी जुलैमध्ये लिबी यांनी ती सोपी करून ०.९१ आणली. त्यात त्यांनी डेव्ह वायनर यांच्याकडच्या काही कल्पना घेतल्या. वायनर यांची युजरलँड ही छोटी कंपनी १९९७ पासून अशाच हेतूची स्वतःची पद्धत वापरत होती.

म्हणजे पहिल्या चार महिन्यांतच या मुलाला दोन घरं झाली. नंतर नेटस्केपचं लक्ष उडालं. फीड मात्र तोवर जगभर पसरू लागली होती. तिला कुणीतरी सांभाळायला हवं होतं आणि सांभाळायला दोन गट पुढे आले.

एका गटाला वाटत होतं की आंतरजालावरच्या माहितीचा अर्थ यंत्रांनाही कळायला हवा. त्यासाठी फीडचा पाया अधिक शिस्तीचा असायला हवा. पुढे तिचा विस्तार कुणालाही करता यायला हवा. या गटात गुहा होते, रेल डॉर्नफेस्ट होते आणि ॲरन स्वार्ट्झ हा चौदा वर्षांचा मुलगाही होता. त्याचं वय कुणी आडवं आणलं नाही. मसुद्याच्या लेखकांत त्याचं नाव इतरांच्या बरोबरीनं छापलेलं आहे. डिसेंबर २००० मध्ये या गटानं आरएसएस १.० जाहीर केली.

दुसरीकडे वायनर होते. फीड इतकी साधी हवी की दुसऱ्याची पाहून कुणालाही आपली हातानं लिहिता यावी, असं त्यांचं म्हणणं. त्यांनीही त्याच डिसेंबरात ०.९२ ही आवृत्ती काढली. तिच्यात एन्क्लोजर नावाची एक नवी खूण होती, म्हणजे नोंदीला फाईल जोडण्याची सोय. ॲडम करी यांच्याशी झालेल्या बोलण्यातून ती सुचली होती. जानेवारी २००१ मध्ये वायनर यांनी ग्रेटफुल डेड या बँडचं एक गाणं या खुणेतून पाठवून पाहिलं. पॉडकास्ट हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता. पुढची सगळी पॉडकास्टची दुनिया त्या एका ओळीवर उभी राहिली. माझ्या मावशीची शुक्रवारची कहाणीही.

नाव एकच, पद्धती दोन. त्या आद्याक्षरांचा अर्थसुद्धा गटागणिक निराळा. पहिल्या आवृत्तीत आर म्हणजे आरडीएफ, म्हणजे यंत्रांना माहितीचा अर्थ सांगणारं व्याकरण. दुसरीत आर म्हणजे रिच. शेवटी रूढ झालं ते ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’. यातलं खरं नाव कोणतं, हे सांगणारं न्यायालय नव्हतं. प्रत्येक गट आपला मसुदा मांडत होता आणि जगभरचे प्रोग्रॅम लिहिणारे त्यातला एखादा उचलत होते. २००४ मध्ये मार्क पिल्ग्रिम यांनी मोजदाद केली तेव्हा एकमेकांशी पूर्णपणे न जुळणाऱ्या नऊ आवृत्त्या भरल्या.

नऊ आवृत्त्या असूनही वाचकांच्या हातचं काही गेलं नाही. फीड वाचणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी नऊच्या नऊ वाचायची तयारी ठेवली. इंटरनेटच्या घडणीत ही जुनी रीत आहे. आपण लिहिताना काटेकोर असावं आणि दुसऱ्याचं वाचताना उदार, असं जॉन पोस्टेल यांनी १९८० सालीच मांडून ठेवलं होतं. वरच्या मंडळींचं भांडण खालच्या मंडळींनी आपल्या उदारपणात रिचवलं.

कुलूप

सप्टेंबर २००२ मध्ये वायनर यांनी आरएसएस २.० आणली. आज पॉडकास्ट जिच्यावर चालतात ती हीच. पुढच्या वर्षी, १५ जुलै २००३ रोजी, युजरलँडनं या मसुद्याची मालकी हार्वर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयातल्या बर्कमन केंद्राकडे सोपवली. केंद्रानं तो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला केला. श्रेय द्या, स्वतः केलेला बदलही तसाच खुला ठेवा आणि हवा तसा वापरा.

मसुद्याच्या शेवटाकडे एक परिच्छेद आहे. तो मी पुन्हापुन्हा वाचला. त्याचा आशय असा: हे मानक परिपूर्ण नाही, पण पुष्कळ जण ते वापरत आहेत. म्हणून ते आता गोठवलं आहे. यापुढे मूळ नियमांत भर पडणार नाही, फार तर खुलासे होतील. कुणाला काही नवं हवं असेल तर ते जोडखुणांनी जोडावं, नाहीतर नव्या नावानं नवी पद्धत काढावी.

ज्याच्या हाती बदलाचा अधिकार होता, त्यानं तो वापरला कशासाठी? आपल्यासकट कुणालाच यापुढे बदल करता येऊ नये यासाठी. घर बांधायचं, बांधकामाच्या अवजारांना कुलूप लावायचं आणि किल्ली विहिरीत टाकायची, तसं हे. पण दार उघडं ठेवूनच. आत कुणीही येऊ शकतो, भिंती मात्र कुणाला हलवता येत नाहीत.

हुंकार

सगळ्यांनाच हे पटलं नाही. गोठवलेल्या मसुद्यात काही जागा धूसर राहिल्या होत्या. शीर्षकात तिरप्या अक्षरांची खूण चालेल का? एका नोंदीला दोन ध्वनिफिती जोडल्या तर? मसुदा यावर गप्प होता. जून २००३ मध्ये आयबीएममधले सॅम रूबी यांनी नव्यानं मांडणी करायला लोकांना बोलावलं आणि एक निराळी पद्धत घडू लागली. तिचं नाव बरेच दिवस ठरत नव्हतं. शेवटी ठरलं ॲटम. २००४ मध्ये ते काम आयईटीएफ या संस्थेकडे गेलं.

इथे थोडं थांबायलाच हवं. आयईटीएफ म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या अभियंत्यांचा मेळा. १९८६ पासून तो भरतो. त्याला सदस्यत्व नाही. कुणीही यावं, मसुदा वाचावा, बोलावं. आलेला माणूस कंपनीचा किंवा देशाचा प्रतिनिधी म्हणून नव्हे, स्वतःच्या नावानं बोलतो. तिथल्या मसुद्यांना म्हणतात आरएफसी, म्हणजे ‘आपली मतं कळवावीत’ अशी विनंती. ही रीत मेळ्याहूनही जुनी. पहिली विनंती ७ एप्रिल १९६९ ची, स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्यानं लिहिलेली. आपण अधिकारानं सांगत आहोत असं कुणाला वाटू नये, म्हणून मुद्दाम निवडलेलं हे नम्र नाव. आज ज्या नियमांवर जगाचा कारभार चालतो त्यांच्या माथ्यावर हेच नाव आहे.

या मेळ्यात मतदान होत नाही. मतं मोजायची तर मतदार कोण हे आधी ठरवावं लागेल, आणि इथे तर दार सगळ्यांना उघडं. मग ठरतं कसं? सभेचा अध्यक्ष विचारतो, “ज्यांना हे पटतं त्यांनी हुंकार द्या.” दालनात लोक ओठ मिटून ‘हूं’ करतात. मग विरुद्ध बाजूला विचारतो. कोणता हुंकार भरदार आहे ते कान सांगतो. कमी हुंकार आला म्हणून विरोधाला बाजूला सारता येत नाही. त्याचं म्हणणं काय आहे, त्याला उत्तर दिलं गेलं का, हे पाहावंच लागतं. एकाच माणसाच्या विरोधात तथ्य असेल तर शंभरांचा हुंकारही थांबतो. १९९२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी या मेळ्याची श्रद्धा मांडली होती. राजे, राष्ट्राध्यक्ष आणि मतदान नाकारायचं. ढोबळ सहमती आणि प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम यांच्यावर विश्वास ठेवायचा.

हे वाचलं तेव्हा मला मुद्रणाचे ते सात दिवस आठवले. कहाणी मावशीची, पण ती पुढे जाते ती समोरच्याच्या हुंकारावर. आपल्याकडे गोष्ट ऐकण्याची जी रीत आहे, तिच्यावर जगातलं सगळ्यात मोठं यंत्र चाललं आहे.

डिसेंबर २००५ मध्ये ॲटम हे आरएफसी ४२८७ या क्रमांकानं मानक झालं. मसुदा म्हणून ते अधिक स्वच्छ आहे. धूसर जागा त्यात फार थोड्या. यूट्यूबच्या वाहिन्यांची फीड आज ॲटममध्येच असते. खरं तर आता जुनी पद्धत मागे पडायला हवी होती. एवढा रीतसर हुंकार नव्या पद्धतीच्या मागे होता.

पण जून २००५ मध्ये ॲपलनं आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय आणली होती, आणि ती आरएसएस २.० वर होती. तोवर हजारो लोक आपले कार्यक्रम त्या साध्या, धूसर पद्धतीत मांडत होते. त्यांनी ती सोडली नाही. सभेतल्या हुंकाराहून मोठा असा एक हुंकार सभेबाहेर असतो. तो म्हणजे रोजच्या वापराचा.

मजकूर गप्प असतो तेव्हा

मग या जुन्या पद्धतीच्या धूसर जागांचा खुलासा करणार कोण? २००३ मध्ये हार्वर्डकडे मसुदा गेला तेव्हा एक सल्लागार मंडळ नेमलं होतं. वायनर, जॉन युडेल आणि ब्रेंट सिमन्स असे तिघं. पुढे वायनर मंडळातून बाहेर पडले. २००६ च्या सुरुवातीला रॉजर्स कॅडनहेड यांच्या पुढाकारानं मंडळ नव्यानं उभं राहिलं आणि वाद पेटला. मंडळाचं म्हणणं, खुलासे करण्याचं काम आपल्याकडेच आहे. वायनर यांचं म्हणणं, या मंडळाला तसा अधिकार उरलेला नाही, हार्वर्डची प्रत तीच खरी.

आजही दोन पत्त्यांवर दोन प्रती आहेत. एक हार्वर्डकडे, २.०.१ या क्रमांकाची, गोठवलेली. दुसरी मंडळाकडे, लहानसहान दुरुस्त्या करत २००९ मध्ये २.०.११ पर्यंत आलेली. कोणती प्रमाण, हे सांगणारं तिसरं कुणी नाही. ज्या परवान्याखाली मसुदा खुला झाला, तो परवानाच दोघांनाही प्रत ठेवू देतो.

मी दोन्ही प्रती शेजारी ठेवून माझ्या फाईलशी ताडून पाहिल्या. मावशीची फाईल दोन्हींत बसते. मंडळानं जिथे खुलासा केला आहे तिथे तो बहुतेक वेळा सल्ल्याच्या रूपात आहे. उदाहरणार्थ, एका नोंदीला एकच ध्वनिफीत जोडा, कारण काही प्रोग्रॅम दुसरी वाचत नाहीत. म्हणजे मंडळ हुकूम सोडत नाही. लोक काय करत आहेत ते पाहून, अडचण होणार नाही अशी वाट दाखवतं.

माझ्या तारखेचं कोडंही इथेच सुटलं. तारीख आरएफसी ८२२ प्रमाणे लिहावी, असं मसुदा सांगतो. तो कागद ऑगस्ट १९८२ चा आहे आणि तो आहे ई-मेलबद्दल. तेव्हाच्या मूठभर संगणकांसाठी कुणीतरी तारीख लिहायची एक तऱ्हा ठरवली. वीस वर्षांनी फीड लिहिणाऱ्यांनी नवी तऱ्हा शोधण्याऐवजी तीच उचलली. माझं ‘शुक्रवार’ नाकारलं ते कुठल्या अधिकाऱ्यानं नव्हे. मला दंड झाला नाही, नोटीस आली नाही. ॲपला ती ओळ समजली नाही, एवढंच. खुल्या मानकाची सगळी ताकद या एवढ्याशा गोष्टीत आहे. नियम मोडायला तुम्ही मोकळे असता. फक्त समोरून ‘हूं’ येत नाही.

वहिवाट

आपल्याकडे शेतावर जाणाऱ्या वाटा असतात. सातबारा काढला तर वाट ज्या रानातून जाते ते कुणा एकाच्या नावावर निघतं. पण पिढ्यान्‌पिढ्या लोक, बैलगाड्या, शाळेची पोरं तिथून गेलेली असतात. ती वहिवाट होते. मालकानं एके दिवशी नांगर घालून ती मोडली, तर गाव तहसीलदाराकडे जातं. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यानं अडवलेली वाट मोकळी करून घेता येते. जमीन मालकाची खरी, पण वाटेवरचा हक्क चालणाऱ्यांच्या पायांनी मिळवलेला असतो.

फीडच्या बाबतीत हे अक्षरशः घडलं. जुन्या ०.९१ आवृत्तीच्या फीडच्या माथ्यावर नेटस्केपच्या एका फाईलचा पत्ता असे. त्या फाईलमध्ये आवृत्तीचं व्याकरण होतं, आणि काही प्रोग्रॅम फीड वाचण्याआधी तिथे जाऊन व्याकरण ताडून पाहत. जानेवारी २००७ मध्ये ती फाईल नेटस्केपच्या सर्व्हरवरून नाहीशी झाली आणि त्या प्रोग्रॅमना ती जुनी फीड वाचता येईना. फाईल नेटस्केपची, सर्व्हर नेटस्केपचा. सातबारा स्वच्छ होता. तरी ओरड झाली, आणि नेटस्केपनं फाईल परत जागेवर ठेवली, आपापली सोय करून घ्यायला लोकांना काही महिन्यांची मुदत दिली. पुढे या जुन्या आवृत्त्यांची कागदपत्रं सांभाळायचं काम सल्लागार मंडळानं आपल्याकडे घेतलं. ज्याच्या अधिकाराबद्दल वाद होता त्या मंडळानं वाटेवरचा एक दगड निमूटपणे उचलून बाजूला ठेवला. अधिकार मागून मिळतो त्यापेक्षा असा मिळतो.

वहिवाटीची आणखी एक कसोटी १ जुलै २०१३ ला लागली. त्या दिवशी गुगलनं आपलं रीडर बंद केलं. फीड वाचण्यासाठी असंख्य लोक तेच वापरत. फीडचे दिवस भरले असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. पण रीडर बंद झालं म्हणून एकही फीड बंद पडली नाही. लोकांनी आपल्या फीडच्या पत्त्यांची यादी उचलली आणि दुसऱ्या वाचनयंत्रात नेऊन टाकली. एक मोठी धर्मशाळा मिटली, वाट तिथेच राहिली.

मोठ्यांचं वजन नसतं असं नाही. ॲपलच्या यादीत यायचं तर ॲपलला हव्या त्या खुणा फीडमध्ये घालाव्या लागतात. काही बड्या सेवा तर काही कार्यक्रम आपल्याच ॲपच्या कुंपणात ठेवतात, त्यांची फीड बाहेर येतच नाही. ही काळजी करण्यासारखी गोष्ट आहे. वाट मोडता येत नाही, पण लोकांना दुसऱ्या रस्त्यानं न्यायचा मोह दाखवता येतो. चालणारे कमी झाले की वाटेवर गवत उगवतं. म्हणून खुल्या मानकाची राखण करणं म्हणजे ते वापरत राहणं.

आडनावं

कुलूप लावलेल्या घरात नवी खोली कशी बांधतात, हे मला सगळ्यात सुंदर वाटलं. फीडमध्ये खुणेला आडनाव लावता येतं. एका वर्गात तीन सुनीता असल्या तरी पाटलांची सुनीता आणि कांबळ्यांची सुनीता यांत घोटाळा होत नाही, तसं. ॲपलनं २००५ मध्ये आयट्यून्स हे आडनाव लावून आपल्या खुणा आणल्या. ज्या ॲपला ते आडनाव ओळखीचं नाही, ते त्या ओळी ओलांडून पुढे जातं. जुनं काही मोडत नाही.

२०२० मध्ये ॲडम करी आणि डेव्ह जोन्स यांनी पॉडकास्ट याच आडनावाचं एक नवं घराणं सुरू केलं. ध्वनिफितीची लेखी संहिता कुठे आहे, प्रकरणं कुठे बदलतात, असं सांगणाऱ्या खुणा त्यात आल्या. ऐकू न येणाऱ्यांसाठी संहितेची खूण केवढी मोलाची आहे ते सांगायला नको. तिच्यासाठी कुणी कायदा केला नाही. छोट्या ॲपनी ती वाचायला घेतली, कार्यक्रम करणाऱ्यांनी लिहायला घेतली, आणि २०२४ मध्ये ॲपलनंही ती वाचायला सुरुवात केली. ज्यानं पूर्वी आपल्या खुणा सगळ्यांना लिहायला लावल्या, त्यानं आता इतरांची खूण वाचली.

आणि मराठी? फीडमध्ये भाषेची एक ओळ असते. कोणत्या भाषेला कोणतं संक्षिप्त रूप, याची नेटस्केपनं दिलेली यादी मसुद्यासोबत आहे. मी ती वरपासून खालपर्यंत वाचली. तीत फेरो बेटांची भाषा आहे, हवाईयन आहे. मराठी नाही. हिंदी, बंगाली, तमिळ, कुठलीच भारतीय भाषा नाही. १९९९ मधल्या त्या दालनात आपल्यापैकी कुणाची आठवण झाली नाही.

पण यादीचा उल्लेख करून मसुदा पुढच्याच वाक्यात म्हणतो की वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची रूपंही वापरता येतील. त्या वाटेनं मराठीचं ‘एमआर’ आत येतं. शिवाय फीड एक्सएमएल या ज्या लेखनपद्धतीवर उभी आहे, तिचा पाया युनिकोडचा, म्हणजे जगभरच्या लिप्या सामावणाऱ्या संकेतांचा. त्यामुळे ‘ऱ्हस्व’ लिहा की ‘ळ’, फाईलला खटकत नाही. आपल्याला कुणी आमंत्रण दिलं नव्हतं, आणि आपल्याला कुणाला अर्जही करावा लागला नाही. मसुदा लिहिणाऱ्यानं एक वाक्य मोकळं सोडलं होतं. यादीत नसलेल्या भाषा त्या एका वाक्यातून आत आल्या. माझ्या फाईलमधली ती ओळ मी लिहिली तेव्हा सहज लिहिली होती. आता तिच्याकडे पाहून थांबायला होतं.

पुन्हा मावशीपाशी

हे सगळं मी मावशीला सांगायला गेले. ठरवलं कुणी, याचं उत्तर लांबलं. नेटस्केपमधल्या दोघांनी सुरुवात केली, एकानं सोपं केलं, एका पोरानं चौदाव्या वर्षी हात लावला, एकानं कुलूप घातलं, एकानं खुलासे केले, आणि तारीख तर १९८२ च्या कुणाची. ती ‘हूं’ म्हणत ऐकत होती.

“आणि बंद कुणी केलं तर?”

“सर्व्हरचं भाडं मी थकवलं तर आपली फाईल जाईल. मग दुसरीकडे ठेवू आणि नवा पत्ता कळवू. पण ही पद्धतच बंद करायची तर तसा हुकूम काढणारं कुणी नाही. सगळ्यांनी एकदम लिहायचं आणि वाचायचं सोडलं तरच.”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “कहाणीचं तसंच आहे की. ती कुणी ठरवली ते मला कुठे माहीत? मी माझ्या आजीकडून घेतली. सांगणारी आहे आणि ऐकणारं आहे तोवर आहे.”

नाशिकच्या भावाचं ॲप एका कंपनीचं, पुण्याच्या बहिणीचं दुसऱ्या, टोरांटोचं तिसऱ्या. त्या शुक्रवारी त्या तिघांनीही आपापल्या वेळी येऊन फलक पाहिला, नवी नोंद वाचली आणि कहाणी उचलून नेली. टोरांटोला तेव्हा रात्र होती. दुसऱ्या दिवशी भाच्याचा निरोप आला की कहाणी ऐकताना मधे कुणीतरी ‘हूं’ म्हणतं, तिथे तोही म्हणतो.